दार पावसाळ्यातच का अडकतं? घरी सुतारकाम करणाऱ्यांसाठी लाकूड आणि ओल यांचा हिशेब

नाशकात जूनच्या अखेरीस पाऊस जोर धरतो आणि पंधरवड्यात घरोघरी तीच तक्रार सुरू होते. बाथरूमचं दार खांदा लावल्याशिवाय मिटत नाही, कपाटाचा खण अर्ध्यावर येऊन अडतो, देवघराची झडप चौकटीला घासते. मिस्त्रीला बोलावलं की तो रंधा मारून देतो. दार मोकळं होतं. मग एप्रिल येतो आणि त्याच दाराच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसू लागतो. उन्हाळ्यात तक्रारी उलट्या असतात. हौसेनं करून घेतलेल्या सागवानी टेबलाला मधोमध चीर जाते, जेवायच्या पाटाला बाक येतो, दोन फळ्यांमधला सांधा उघडा पडतो. दोष मिस्त्रीच्या माथी जातो, नाहीतर वखारवाल्याच्या. ‘ओलं लाकूड दिलं’, ‘तो साग नव्हताच’.

कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा लाकूड त्याच्या स्वभावाप्रमाणेच वागलेलं असतं आणि वस्तू बनवताना त्या स्वभावाला जागा ठेवलेली नसते. गॅलरीत, गच्चीवर, पार्किंगच्या कोपऱ्यात हौसेनं सुतारकाम करणारी बरीच मंडळी आता भेटतात. त्यांचे पहिले प्रश्न हत्यारांचे असतात. करवत कुठली घेऊ, ड्रिल किती वॅटचं घेऊ? माझं आग्रहाचं सांगणं असं की त्याआधी लाकूड आणि ओल यांचं नातं समजून घ्या. कुठलं लाकूड, कुठला सांधा, स्क्रू कुठे आणि किती, या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

लाकडात पाणी असतं कुठे?

ज्वारीच्या कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. शेकडो लांब, पोकळ ताटं एकाच दिशेनं घट्ट बांधलेली. लाकडाची रचना जवळपास तशीच आहे. झाड उभं असताना मुळांनी ओढलेलं पाणी वर चढवण्यासाठी त्यात उभ्या, बारीक नळ्या असतात. झाड पडलं, चिरलं गेलं, फळी झाली, तरी नळ्या तशाच राहतात. फळीवर लांबीच्या दिशेनं ज्या रेषा दिसतात, ती या नळ्यांचीच दिशा.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक नळ्यांच्या पोकळीत आणि दुसरं नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं. लाकूड वाळायला लागलं की आधी पोकळीतलं पाणी जातं. तोवर वजन घटतं, पण आकार बदलत नाही. पोकळी कोरडी झाली की भिंतींतलं पाणी जायला लागतं, भिंती बारीक होतात आणि लाकूड आकसतं. हा टप्पा बहुतेक लाकडांत ओलावा २८ ते ३० टक्क्यांवर आला की सुरू होतो.

‘ओलावा’ हा शब्द पुढे वारंवार येईल. तो असा मोजतात: लाकडातल्या पाण्याचं वजन भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन. समजा एक तुकडा १२० ग्रॅम भरला आणि ओव्हनमध्ये १०३ अंशांवर, वजन आणखी घटेनासं होईपर्यंत वाळवल्यावर १०० ग्रॅम राहिला. म्हणजे त्यात २० टक्के ओलावा होता.

आता मुख्य गोष्ट. पाणी पिऊन पेंढीतलं ताट फुगलं तर जाड होतं, लांब होत नाही. लाकूडही रुंदीत आणि जाडीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. शिवाय ते कायमचं वाळत नाही. हवा दमट झाली की हवेतली ओल परत पितं, हवा कोरडी झाली की सोडतं. नाशकात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांच्या खाली असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर दिवसेंदिवस मुक्काम ठोकते. घरातलं लाकूड या चढउताराच्या मागोमाग जातं. उन्हाळ्यात ७-८ टक्क्यांवर आलेला ओलावा पावसाळ्यात सहज १४ च्या आसपास पोचतो.

किती फुगतं? सुतांत सांगा

सागाचं लाकूड पूर्ण ओलं असताना आणि पूर्ण कोरडं झाल्यावर मोजलं, तर बुंध्यावरच्या वर्तुळांच्या कडेकडेनं ते साधारण ५ ते ६ टक्के आकसतं. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं अडीच टक्क्यांच्या आसपास. लांबीत मात्र पाव टक्काही नाही.

हा हिशेब घरात आणू. नेहमीसारखी चिरलेली, ३० सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी घ्या. उन्हाळा ते पावसाळा ओलावा ६ टक्क्यांनी वाढला, तर ती साडेतीन मिलिमीटरपर्यंत रुंद होते. एका सुताहून, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहून, थोडी जास्तच. अशा तीन फळ्या जोडून ९० सेंटिमीटरचं टेबल केलं, तर वरची पाटी वर्षभरात जवळपास एक सेंटिमीटर रुंद-अरुंद होत राहणार. तेच टेबल दोन मीटर लांब असलं तरी लांबीत फरक पडेल तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

एक सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या हालचालीमागचा जोर फार मोठा असतो. दगड फोडण्यासाठी भोकात कोरडी लाकडी पाचर ठोकायची आणि तिच्यावर पाणी ओतत राहायचं, ही पद्धत जुन्या काळापासून माहीत आहे. फुगणाऱ्या लाकडापुढे दगड तडकतो, तिथे चार स्क्रू काय अडवणार?

फळीच्या टोकाकडे बघा

वखारीत गेल्यावर बहुतेक जण फळीचा रंग बघतात, वरच्या बाजूला हात फिरवतात. मी सांगेन, आधी फळी उभी करून तिचं कापलेलं टोक बघा. तिथे झाडाच्या वर्तुळांचे तुकडे दिसतात आणि ती फळी पुढे कशी वागणार हे बरंचसं तिथेच कळतं.

वर्तुळांच्या रेघा टोकावर आडव्या, कमानीच्या आकारात दिसल्या, तर ती फळी बुंध्याच्या कडेनं चिरलेली आहे. ही जास्त हलते आणि हिला बाक येण्याची शक्यता जास्त. बाक कुठल्या बाजूला येणार हेही सांगता येतं. वाळताना कमानी सरळ व्हायला बघतात, म्हणून फळीच्या कडा गाभ्यापासून दूर, सालीच्या बाजूकडे वळतात. रेघा टोकावर उभ्या, फळीच्या रुंद बाजूला काटकोनात असतील तर ती गाभ्याच्या रोखानं चिरलेली. रुंदीतली हिची हालचाल पहिलीच्या निम्म्याहून कमी आणि ती सपाट राहते. एका ओंडक्यातून अशा फळ्या थोड्याच निघतात. दाराच्या उभ्या पट्ट्या, टेबलाचे पाय, खणांच्या बाजू अशा सरळ राहायलाच हव्यात अशा भागांसाठी ढिगातून त्या शोधून काढाव्यात. वखारवाला कुरकुरला तर कुरकुरू द्या, पण ढीग बघून घ्या.

फळीत मधोमध झाडाचा अगदी गाभ्याचा ठिपका आला असेल तर ती घेऊ नये. तिथून चीर जवळपास ठरलेली.

टोकाचा आणखी एक गुण. पेंढीच्या कापलेल्या तोंडातून ताटं उघडी दिसतात, तशा फळीच्या टोकाला सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. म्हणून टोकातून पाणी फळीच्या पृष्ठभागापेक्षा कित्येक पट वेगानं आत-बाहेर जातं. टोकं लवकर वाळतात, मधला भाग ओलाच राहतो आणि टोकांना चिरा पडतात. ओलसर फळ्या आणल्या असतील तर आल्या दिवशी टोकांना जुना ऑइलपेंट फासून ठेवा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत सागवानी खांब जमिनीत पुरलेले नसतात, दगडी तळखड्यावर उभे असतात. तळखड्याचं नक्षीकाम आपण बघतो, पण खांबाचं टोक जमिनीतल्या ओलीपासून उचलून धरायचं मोठं काम तो करतो. ज्या खांबांच्या बुडाशी नंतर लादी किंवा सिमेंट चढवलं जातं, ते खालून कुजण्याची भीती असते, ती याच कारणानं.

‘पण जुनं लाकूड तर सुकलेलं असतं ना?’

वाडे उतरवले की त्यांतलं सागवान विक्रीला येतं. ते जरूर घ्यावं. इतक्या वर्षांत जो पीळ पडायचा, ज्या चिरा जायच्या, ते सगळं होऊन गेलेलं असतं आणि लाकूड बहुधा जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांचं असतं. पण ‘आता हे हलणार नाही’ हा समज चुकीचा आहे. शंभर वर्षांचा सागही पावसाळ्यात ओल पितो. वयानं हालचाल थोडी मंदावते, थांबत नाही.

‘वाळवलेलं लाकूड’ याचा खरा अर्थ इतकाच की त्याचा ओलावा आपल्याकडच्या हवेशी जुळलेला आहे. नाशकात घरातल्या फर्निचरसाठी तो १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असावा, म्हणजे दोन्ही ऋतूंच्या मधोमध. मोजायला दोन पिनांचा ओलावा-मीटर मिळतो आणि हौशी माणसाला तो परवडतो. मीटर नसेल तर किचनचा वजनकाटा चालतो. त्याच लाकडाचा एक छोटा तुकडा कापून घरात ठेवायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी वजन करून तुकड्यावरच लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की तो तुकडा घरच्या हवेशी जुळला. तुकडा फळीपेक्षा लवकर जुळतो, तेव्हा फळ्यांना आणखी काही आठवडे द्या.

या काळात फळ्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नयेत. सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या घालून रचाव्यात, म्हणजे चारी बाजूंनी वारा लागतो. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात, नाहीतर फळी त्या वाकड्या आधारावरच वाळते आणि तोच आकार धरते. उन्हात वाळवायचा मोह टाळा. गच्चीवरच्या मे महिन्याच्या उन्हात वरची बाजू पटकन आकसते, आतली मागे राहते आणि फळी फुटते.

‘पॉलिश मारलं की ओल शिरायची थांबते ना?’

थांबत नाही, मंदावते. चपड्याचं फ्रेंच पॉलिश असो, मेलामाइन असो की पॉलियुरेथेन, प्रत्येक लेपातून पाण्याची वाफ कमी-जास्त प्रमाणात जातेच. जवसाच्या तेलानं लाकूड देखणं दिसतं, पण वाफ अडवण्यात ते सगळ्यांत मागे. पॉलिशचा मोठा फायदा असा की चार दिवसांची झड येऊन गेली तर लाकडाला तिचा पत्ता लागत नाही. सबंध पावसाळ्याचा मात्र लागतो.

इथे एक चूक फार पाहायला मिळते. टेबलाच्या वरच्या बाजूला चार हात पॉलिश, खाली कोरं लाकूड. खालची बाजू ओल पिते, वरची पीत नाही आणि सपाट पाटी वाकते. जितके हात वर, तितके खाली. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही रंग हवा. तिथे उभ्या पट्ट्यांच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि चौकटीत दार बसवल्यावर ती कड कुणाला दिसत नाही, म्हणून ती हमखास कोरी राहते. बाथरूमचं दार खालून कुजतं ते बहुतेक वेळा तिथूनच.

‘भरपूर फेव्हिकॉल आणि स्क्रू लावले तर?’

सगळ्या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नव्या माणसाचं नुकसान इथेच होतं.

फेव्हिकॉल प्रकारच्या पांढऱ्या गोंदानं दोन फळ्या कडेला कड लावून, रेषा एकाच दिशेनं ठेवून जोडल्या तर तो सांधा लाकडाइतका मजबूत होतो. मोडायला गेलं तर बहुधा लाकूड शेजारून फाटतं, सांधा सुटत नाही. दोन्ही फळ्या एकाच दिशेनं हलतात, म्हणून भांडण नाही. रुंद पाटी करायची तर बेधडक असाच गोंद लावा. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी कड नुकतीच रंधलेली असावी किंवा थिनरनं पुसून घ्यावी. फळ्या आवळून धरणारे क्लॅम्प लावून पूर्ण रात्र तरी हात लावू नये.

भांडण होतं ते एका लाकडाच्या रेषा दुसऱ्याच्या रेषांना आडव्या आल्या की. साधा पाट घ्या. वर एक रुंद फळी, खाली आडव्या दोन पट्ट्या. वरची फळी रुंदीत फुगणार-आकसणार. त्या दिशेला पट्टीची लांबी आहे, ती हलणार नाही. दोन्ही टोकांना स्क्रू घट्ट आवळले की उन्हाळ्यात फळीला आकसायला वावच राहत नाही. मग ती मधोमध फाटते. पट्टीला गोंद लावला असेल तर आणखी लवकर.

उपाय सोपा आहे. पट्टीवर मधोमध एक स्क्रू घट्ट. दोन्ही टोकांचे स्क्रू लांबट भोकातून, म्हणजे भोक फळीच्या रुंदीच्या दिशेनं चार-पाच मिलिमीटर लांबवलेलं आणि स्क्रूच्या डोक्याखाली वॉशर. स्क्रू बसतील इतकेच आवळायचे. गोंद अजिबात नाही. असा पाट वर्षानुवर्षं रुंद-अरुंद होत राहतो आणि फाटत नाही. टेबलाची पाटी चौकटीवर बसवतानाही हेच. चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडून तिच्यात अडकणारे छोटे लाकडी गट्टू पाटीला खालून स्क्रूनं लावतात. गट्टू पाटीला खाली धरून ठेवतो, पण खाचेत सरकूही देतो.

पॅनेलचं दार ही या प्रश्नाची शेकडो वर्षांची जुनी सोडवणूक आहे. ७५ सेंटिमीटर रुंद दार अखंड फळ्या जोडून केलं, तर आपल्या हिशेबानं ते वर्षात आठ-नऊ मिलिमीटर हलेल. त्याऐवजी दोन्ही बाजूंना १२-१२ सेंटिमीटरच्या उभ्या पट्ट्या आणि मध्ये आडव्या पट्ट्या घेतल्या, तर आडव्या पट्ट्यांची लांबी हलत नाही. हलतात त्या फक्त उभ्या पट्ट्या, दोन्ही मिळून तीन मिलिमीटरही नाही. मधलं पॅनेल खोबणीत सैल बसवतात. त्याला गोंद नाही, खिळा नाही. ते आतल्या आत फुगतं, आकसतं आणि बाहेर कळतही नाही. खोबणीत गोंद भरून पॅनेल ‘पक्कं’ केलं की ही सगळी योजना वाया गेली.

पट्ट्यांचा कोपरा जोडतात तो साल-कुसवाच्या सांध्यानं. एका तुकड्यात चौकोनी भोक, ती साल. दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारी जीभ, ते कुसू. तिथेही रेषा एकमेकींना आडव्या येतात. तरी चालतं, कारण कुसू अरुंद असतं. पाच-सहा सेंटिमीटर रुंदीतली हालचाल गोंद सोसतो. त्याहून रुंद कुसू हवं असेल तर त्याची दोन करतात. फळीच्या नुसत्या टोकाला गोंद लावून कोपरा जोडू नये. उघड्या नळ्या गोंद पिऊन टाकतात आणि सांध्यात काही उरत नाही.

‘मग प्लायवूडच का वापरू नये?’

वापरावं. जिथे शोभतं तिथे तेच उत्तम. पेंढ्यांचे पातळ थर एक उभा, एक आडवा असे रचून चिकटवले तर कुठलाच थर दुसऱ्याला हलू देत नाही. प्लायवूड म्हणजे नेमकं हेच, आणि म्हणून ते दोन्ही दिशांना जवळपास स्थिर राहतं. कपाटाच्या बाजू, खणांचे तळ, भिंतीवरचं रुंद शेल्फ यांना अखंड लाकडाचा हट्ट धरू नये.

घेताना आयएसआय मार्क आणि त्याखालचा क्रमांक बघा. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं. त्यात ‘एमआर’ छापलेलं असेल तर दमट हवा चालते, पाणी चालत नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, सिंकखालच्या कपाटाला हे हवं. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘७१०’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असेल आणि मार्क नसेल तर दुसरं दुकान गाठा. आणखी एक, वॉटरप्रूफ हे थरांमधल्या गोंदाला उद्देशून असतं. वाळवीचा त्याच्याशी संबंध नाही.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड हे तंतू किंवा भुगा दाबून केलेले. हलत नाहीत, रंग छान घेतात. पण उघड्या कडेतून पाणी शिरलं की फुगतात आणि मग वाळवूनही पूर्ववत होत नाहीत.

प्लायवूडचं उणं असं की कड उघडी दिसते, कडेत स्क्रू नीट धरत नाही आणि वरचा सुंदर पापुद्रा इतका पातळ असतो की पॉलिशपेपर चार वेळा जास्त फिरला तर खालचा थर दिसतो. आणि हातानं काम शिकायचं असेल तर रंधा, पटाशी यांची खरी ओळख अखंड लाकडावरच होते.

कुठलं लाकूड घ्यावं?

साग पहिल्याच कामाला नको. लाकूड गुणी आहे, नैसर्गिक तेलामुळे वाळवीला दाद देत नाही, कमी हलतं. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून साग गेला तो उगाच नाही. पण तो महाग आहे आणि त्यात वाळूतलंच द्रव्य, सिलिका, असल्यामुळे हत्यारांची धार लवकर जाते. घेताना गाभ्याचा तपकिरी भाग किती आणि कडेचा पांढुरका किती ते बघा. पांढुरक्या भागाला किडीपासून काहीच संरक्षण नसतं, मग झाड सागाचं असलं तरी. साग तोडायला आणि वाहून न्यायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून वखारीतून पावती घेऊनच माल आणा. कुणी पेठ-सुरगाण्याकडून ‘आणून देतो’ म्हणालं तर नको म्हणा.

शिवण हौशी माणसासाठी फार चांगलं. हलकं, रंध्याखाली मऊ, हालचाल सागासारखीच कमी. आंबा स्वस्त आणि दिसायला सुरेख, पण त्यात भुंगेरे लवकर शिरतात. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर ती फळी घरात आणू नका. बाभूळ चिवट आणि जड. मोगरीला, हत्यारांच्या मुठींना उत्तम, पण नव्या हातांना दमवतं.

सराव करायला पाइन बरं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रांचे भाग ज्या खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतात ते बहुधा पाइनचे असतात आणि भंगारात निघतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरं असतील तर लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला आहे, ते घेऊ नका. तेलाचे, रसायनांचे डाग पडलेलंही नको.

हत्यारं किती लागतात?

थोडी, पण धारदार. एक करवत, एक रंधा, तीन पटाश्या (६, १२ आणि २५ मिलिमीटर), लाकडी मोगरी, काटकोन तपासायचा गुण्या, कडेला समांतर रेघ ओढणारा खतकस, साधं ड्रिल, चार क्लॅम्प आणि धार लावायचा दगड. पाट, शेल्फ, छोटं स्टूल यासाठी एवढं पुरतं. पैसे वाचवायचे असतील तर पटाश्या साध्या घ्या, पण गुण्या आणि दगड चांगला घ्या. गुण्या घेताना तपासता येतो. सरळ कडेला लावून रेघ मारा, उलटा करून त्याच जागी दुसरी मारा. दोन रेघा एकावर एक पडल्या तर तो खरा.

पेंढी आडवी कापायला विळा लागतो, उभी चिरायला तो उपयोगाचा नाही. करवतीच्या दात्यांचंही तसंच. रेषांना आडवं कापायचे दाते सुरीसारखे टोकदार, रेषेच्या बाजूनं चिरायचे पटाशीसारखे सपाट. चिरताना करवत पुढे जात नसेल तर जोर लावण्याआधी दाते कुठले आहेत ते बघा. रंध्यालाही दिशा असते. नळ्या ज्या बाजूला वर चढत जातात त्या बाजूला रंधा न्यायचा. उलट नेला की लाकूड उचकटतं आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. असं झालं तर फळी फिरवून घ्या.

धारेचा कोन पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला २५ ते ३० अंशांचा. साधारण १००० नंबरच्या दगडावर घासत राहायचं, पात्याच्या मागच्या बाजूला बोटाला बारीक कड लागेपर्यंत. मग बारीक दगड, मग मागची बाजू सपाट ठेवून ती कड उतरवायची. धार तपासायची तर मऊ पाइनच्या टोकावर पटाशी चालवा. गुळगुळीत, चकचकीत काप निघाला तर धार आहे. पांढुरकं, चुरडलेलं दिसलं तर परत दगडाकडे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोरात निसटलेली पटाशीच हातात घुसते. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवा.

भुसा आणि तेलाच्या चिंध्या

लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे. पॉलिशपेपर किंवा सँडर चालवताना एन-९५ मास्क लावाच आणि लहान मुलं शेजारी नकोत. जुन्या दारांवरच्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

जवसाचं तेल लावलेली चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकते. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठते. चिंधी उलगडून, बाहेर एकेरी वाळत घाला किंवा पाण्यात भिजवून ठेवा. घरी तेल वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायलाच हवं.

मे महिन्यात बनवायचं की ऑगस्टमध्ये?

कधीही बनवा, पण महिना लक्षात ठेवून फट सोडा. मे महिन्यात लाकूड सगळ्यांत आकसलेलं असतं. तेव्हा १५ सेंटिमीटर उंचीचा खण अखंड लाकडाचा केलात तर उंचीत दोन मिलिमीटर मोकळे सोडा, पावसाळ्यात ते भरून येतात. तोच खण ऑगस्टमध्ये केलात तर तो सगळ्यांत फुगलेला आहे. अर्धा मिलिमीटर पुरे, पुढे तो सैलच होत जाणार. खोबणीत पॅनेल बसवतानाही हेच. मे महिन्यात खोबणीच्या तळापर्यंत ठासू नका. ऑगस्टमध्ये पॅनेल खोबणीत पुरेसं खोल गेलंय ना ते बघा, नाहीतर उन्हाळ्यात बाहेर निघेल. पॅनेलला पॉलिशही चौकटीत बसवण्याआधीच करा. नंतर केलं तर आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी दिसते.

आणि अडकलेलं दार जुलैमध्ये रंधू नका. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू सैल झालेत का बघा, दार खाली बसल्यानंही घासतं. मग घासणाऱ्या जागी मेणबत्ती चोळा. तेवढ्यानं भागत नसेल तरच एखादा पातळ पापुद्रा काढा आणि उरलेला निर्णय दिवाळीनंतर घ्या. तेव्हाही घासत असेल तर दार खरंच मोठं आहे, रंधा मारा आणि उघडी झालेली कड त्याच दिवशी रंगवा.

घरच्या घरी हिशेब ठेवायचा असेल तर उरलेल्या फळीच्या टोकाकडून रुंदीभर अशी दोन बोटं जाडीची पट्टी कापून घ्या, म्हणजे तिच्यात रेषा आडव्या येतील. पॉलिश करू नका. काम करता त्याच खोलीत ठेवा आणि दर महिन्याच्या एक तारखेला पट्टीची लांबी, म्हणजे मूळ फळीची रुंदी, व्हर्नियर कॅलिपरनं मोजून तिच्यावरच पेन्सिलीनं लिहा. कॅलिपर साधारणपणे १५ सेंटिमीटरचा मिळतो, तेव्हा पट्टी त्यात बसेल एवढी ठेवा. वर्षभरात तुमच्या घरात, तुमच्या लाकडाला किती फट लागते तो आकडा हातात येईल. पुढच्या खणाला तोच वापरा.